संगणकाचे बेणे कोठून येते?



मागल्या हंगामात जानेवारीतल्या एका रात्री आपला वजनकाटा दोन तास अडून बसला होता. त्या रात्री रांगेत असलेल्या ट्रॅक्टरवाल्यांना आणि गाडीवानांना ते चांगले आठवत असेल. काट्यात बिघाड नव्हता, वीजही गेली नव्हती. काट्याच्या डब्यावर वजनाचा आकडा लखलखीत दिसत होता, पण संगणक तो आकडा घेईना आणि पावती निघेना. शेवटी काटा क्लार्कने कपाटातले जुने पावती-पुस्तक शोधून काढले आणि हाताने वजने लिहून गाड्या गव्हाणीकडे सोडल्या. पहाटे उलगडा झाला. ज्या कंपनीने आपल्याला हे सॉफ्टवेअर दिले, तिच्या माणसाने आपल्या गावी बसल्या बसल्या त्यात काही 'सुधारणा' टाकली होती. आपल्याला न विचारता आणि न कळवता.

पुढच्या सभेत एक वयस्क सभासद उठून म्हणाले, "साहेब, गेटवर माह्या पोराले रजिस्टरात सही केल्याबिगर आत सोडत नाही. मंग रातच्याले हा मानूस काटाघरात घुसला कसा जी?" सभेत हशा पिकला. पण मी हिशेब खात्यात काम करतो, आणि मला त्या रात्री घरी गेल्यावर झोप लागली नाही. कारण प्रश्न अगदी बरोबर होता. तो माणूस प्रामाणिक होता म्हणून दोन तासांच्या खोळंब्यावर भागले. उद्या त्याच वाटेने दुसरा कोणी आला तर? किंवा त्या भल्या माणसाच्या खांद्यावर बसून, त्याच्याही नकळत, कोणी आत आला तर?

या प्रकाराला हल्ली सॉफ्टवेअरच्या पुरवठा साखळीवरचा हल्ला म्हणतात. नाव जड आहे, गोष्ट मात्र ऊस लावणाऱ्याला लगेच समजेल अशी आहे.

आपण शेताला कुंपण घालतो, तण काढतो, फवारणी करतो. तरी काही प्लॉटमध्ये काणी निघते, गवताळ वाढ दिसते. हे रोग बहुधा कोठून येतात? बेण्यातून. वरून टिपरी निरोगी दिसते, डोळा फुगलेला असतो, आणि रोग आत बसलेला असतो. तो कुंपण ओलांडून आलेला नसतो. आपणच त्याला गाडीभाडे देऊन घरी आणलेले असते. म्हणून तर कारखाना मूलभूत, पायाभूत आणि प्रमाणित अशी तीन पायऱ्यांची बेणे योजना राबवतो, मूलभूत बेण्याला ५४ अंश सेल्सिअसची उष्ण बाष्प हवेची प्रक्रिया देतो, आणि शेतकी खात्याचा माणूस प्लॉट पाहिल्याशिवाय बेणे पास करत नाही.

सॉफ्टवेअर म्हणजे यंत्राला दिलेल्या आज्ञांची लांबलचक यादी. ती कोणी एक माणूस एका बैठकीत लिहीत नाही. आपल्या काट्याचे सॉफ्टवेअर एका कंपनीने विकले, पण त्यातला पावती छापणारा भाग दुसऱ्याचा, माहिती साठवणारा भाग तिसऱ्याचा, आणि कितीतरी लहानमोठे तुकडे जगभरच्या जाणकारांनी लिहून फुकट वापरायला ठेवलेले. विकणाऱ्याला स्वतःलाच पुष्कळदा ठाऊक नसते की आपल्या मालात कोणाकोणाचे बेणे आहे. चोराने हे ओळखले. हजार संस्थांची हजार कुलपे फोडण्यापेक्षा, त्या हजारांना माल पुरवणाऱ्या एकाच्या कोठारात शिरणे त्याला सोपे. तेथे रोग पेरला की पुढचे वाटपाचे काम पुरवठादारच इमानेइतबारे करतो!

पुण्याच्या कॉसमॉस बँकेची २०१८ सालची ९४ कोटींची चोरी सर्वांना माहीत आहे. तिथे चोर बँकेच्याच यंत्रणेत शिरले होते. इथे सांगायची गोष्ट वेगळी आहे, आणि सहकारातल्या माणसाला ती जास्त लागू पडते.

बुधवार, ३१ जुलै २०२४. त्या दिवशी देशातल्या जवळजवळ तीनशे लहान बँकांच्या ग्राहकांचे पैसे पाठवणे-घेणे एकाएकी बंद पडले. यात बऱ्याच सहकारी आणि ग्रामीण बँका होत्या. खात्यात शिल्लक होती, पण ती हलत नव्हती. या बँकांवर कोणी दरोडा घातला नव्हता, त्यांच्या स्वतःच्या संगणकात काही बिघडले नव्हते. लहान बँकेला स्वतःची मोठी संगणक यंत्रणा परवडत नाही. म्हणून या सगळ्या जणी ती सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीकडून सेवा म्हणून घेत होत्या. ही कंपनी लेचीपेची नव्हे, स्टेट बँक आणि टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस यांनी भागीदारीत काढलेली आहे. तिच्या यंत्रणेत रॅन्समवेअर शिरले. म्हणजे माहितीला कुलूप घालून किल्लीसाठी खंडणी मागणारे सॉफ्टवेअर. देशभरच्या देवघेवीचे जाळे चालवणाऱ्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने रोग पसरू नये म्हणून सी-एजला जाळ्यातून तात्पुरते तोडले. रोगट बेट उपटून बांधाबाहेर टाकावे तसे. त्याबरोबर तिच्यावर अवलंबून असलेल्या बँकाही तुटल्या. तपासणीनंतर दुसऱ्या दिवशी, १ ऑगस्टला, जोडणी पूर्ववत झाली.

पैशांच्या एकूण उलाढालीत या बँकांचा वाटा अर्धा टक्का असेल-नसेल असे तेव्हा सांगितले गेले. बरोबर आहे. पण ज्याचे खातेच त्या बँकेत आहे, निंदणीच्या बायांची मजुरी द्यायची आहे, दवाखान्याचे बिल भरायचे आहे, त्याच्यासाठी तो शंभर टक्के होता.

चोर आला कोठून, हे तर आणखी विचार करायला लावणारे आहे. क्लाऊडसेक या संगणक-सुरक्षेच्या क्षेत्रातल्या कंपनीने याचा माग काढला. तिच्या अहवालानुसार चोराची पहिली पायरी सी-एजचीही नव्हती. सी-एजबरोबर काम करणाऱ्या दुसऱ्या एका कंपनीचा एक सर्व्हर नीट बंदोबस्तात ठेवलेला नव्हता. त्यावर सॉफ्टवेअर तयार करून पुढे पाठवण्याच्या कामाचे जेन्किन्स नावाचे साधन होते. त्या साधनातला दोष आणि त्यावरची दुरुस्ती ही दोन्ही जानेवारी २०२४ मध्येच जाहीर झाली होती. म्हणजे साखळी अशी : ग्राहक, त्याची बँक, बँकेचा पुरवठादार, आणि पुरवठादाराचा सोबती. ग्राहकाला यातला फक्त पहिला दुवा माहीत होता.

दुसरी गोष्ट आपल्या न्हावा-शेव्याची. नागपूरहून निर्यातीचे कंटेनर ज्या जवाहरलाल नेहरू बंदराकडे जातात, तेथला एक धक्का २७ जून २०१७ च्या हल्ल्यात ठप्प झाला. कारण? युक्रेन देशात कर भरण्यासाठी वापरले जाणारे एम.ई.डॉक नावाचे हिशेबाचे सॉफ्टवेअर! आपल्या बंदरात ते कोणी वापरत नव्हते. चोरांनी त्या हिशेबवाल्या कंपनीच्या सुधारणा पाठवण्याच्या यंत्रणेतच विध्वंसक आज्ञावली मिसळली. युक्रेनमध्ये ती ज्याने ज्याने घेतली त्याची यंत्रणा गेली. त्यात मर्स्क या जहाज कंपनीचे तेथील कार्यालयही होते. तेथून ती मर्स्कच्या जगभरच्या जाळ्यात पसरली, आणि न्हावा-शेव्याचा हा धक्का त्याच समूहाची कंपनी चालवत होती. कामगारांना हाताने काम करावे लागले. मर्स्कला पुढे चार हजार सर्व्हर आणि पंचेचाळीस हजार संगणक नव्याने उभे करावे लागले. त्यांची जाळ्याची मुख्य नोंद जगभर पुसली गेली होती. एकच प्रत वाचली, आफ्रिकेतल्या घाना देशातल्या कार्यालयातली. कारण तेथे त्या वेळी वीज गेली होती आणि तो संगणक जाळ्याशी जोडलेलाच नव्हता. लोडशेडिंगने कोणाचे भले केल्याचे मी तरी हे एकच उदाहरण ऐकले आहे. पण त्यातले मर्म लक्षात ठेवा. जाळ्यापासून तुटलेली प्रत वाचली.

स्वीडनमध्ये को-ऑप नावाची ग्राहक सहकारी संस्था आहे, आपल्यासारखीच सभासदांच्या मालकीची. जुलै २०२१ मध्ये तिची सुमारे आठशे दुकाने बंद ठेवावी लागली. गल्ल्यावरची यंत्रे चालेनात. गल्ल्याची देखभाल एका कंपनीकडे, ती कंपनी वापरत होती कसेया या अमेरिकी कंपनीचे साधन, आणि हल्ला झाला कसेयाच्या साधनातून. दूध-पाव घ्यायला आलेला सभासद दाराशी उभा राहिला, तो सात समुद्रापलीकडच्या एका चुकीमुळे.

या सगळ्यात मला सर्वात जास्त धास्ती वाटते ती २०२४ च्या एक्सझेड प्रकरणाची. एक्सझेड हा माहिती आवळून लहान करणारा एक फुकट तुकडा आहे, आणि जगातल्या असंख्य सर्व्हरमध्ये तो असतो. तो सांभाळणारा एकच माणूस होता, बिनपगारी आणि थकलेला. 'जिया तान' असे नाव सांगणारा कोणी मदतीला आला. दोनेक वर्षे त्याने चांगले काम केले, विश्वास मिळवला, किल्ल्या हाती घेतल्या, आणि मग त्या तुकड्यात एक चोरदार बसवले. सालगड्याने दोन वर्षे राबून धन्याचा विश्वास मिळवावा आणि तिसऱ्या वर्षी विहिरीत औषध टाकावे, तसला प्रकार. हे उघडकीस आले तेही कोणा मोठ्या सुरक्षा यंत्रणेमुळे नाही. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या संगणकात प्रवेश करताना नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतो असे जाणवले. अर्धा सेकंद! त्याने ते सोडून दिले नाही, मुळाशी गेला, आणि २९ मार्च २०२४ रोजी जगाला सावध केले.

नागपूर या सगळ्यापासून दूर आहे असे समजू नये. जानेवारी २०२३ मध्ये येथील सोलर इंडस्ट्रीज या स्फोटके बनवणाऱ्या कंपनीच्या यंत्रणेवर रॅन्समवेअरची टोळी चालून आली होती. ही कंपनी संरक्षण दलांना माल पुरवते. पुरवठादाराकडे चोराची नजर का जाते, ते येथे वेगळे सांगायला नको. आणि मधल्या माणसावर डोळे मिटून विसंबण्याचा अनुभव तर या जिल्ह्याला संगणकाच्याही आधी आला आहे. २००१-०२ मध्ये आपल्या जिल्हा मध्यवर्ती बँकेचे पैसे सरकारी रोख्यांसाठी दलाल कंपन्यांकडे गेले. पैसे गेले, रोखे हाती आलेच नाहीत. डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या न्यायालयाने त्यात दोषींना शिक्षा सुनावली. त्या प्रकरणाचे राजकारण या पानावर नको. पण माल आला की नाही हे स्वतः पाहणे आणि 'आला आहे' असे दुसऱ्याने सांगितलेले मान्य करणे, यातले अंतर ठेवीदारांनी फार महागात मोजले.

आता आपल्या घरचे पाहू. कारखान्यात कोठे कोठे सॉफ्टवेअर आहे याची यादी आम्ही करायला बसलो तेव्हा वाटले होते, पाच-सहा ठिकाणी असेल. ऊस नोंद, तोडणी कार्यक्रम, काटा, पंधरवड्याचे बिल, भांडार, पगार, साखर विक्री, बॉयलिंग हाउसमधली स्वयंचलित यंत्रणा, गाड्यांवरचे जीपीएस, कॅमेरे... कॅमेऱ्यालाही सॉफ्टवेअर असते हे माझ्यासकट कोणाच्या डोक्यात नव्हते. यादी करताना चार ठिकाणी असे आढळले की बाहेरचा माणूस दूरून आपला संगणक चालवू शकेल अशी सोय कायम उघडी आहे. एका ठिकाणचा परवलीचा शब्द तर पुरवठादाराने आपल्या सगळ्या गिऱ्हाइकांना एकच दिलेला होता. म्हणजे एका घराची किल्ली चोरली की सारी आळी मोकळी.

ही सोय आता बंद केली आहे. काम असेल तेव्हा पुरवठादाराने फोन करायचा, आपल्या माणसाने दार उघडायचे, समोर बसायचे, काम झाले की दार लावायचे, आणि काटाघरातल्या रजिस्टरात नोंद करायची. त्या सभासदाने सभेत विचारले होते तेच रजिस्टर. पुरवठादारांपैकी एक-दोघे कुरकुरले, "आमच्यावर विश्वास नाही का?" असे म्हणाले. विश्वास आहे. ऊसही विश्वासाचाच असतो, तरी काट्यावर घेतो.

सुधारणा टाकण्याचे काय करावे, हा खरा पेच आहे, आणि त्याला सोपे उत्तर नाही. युक्रेनमध्ये ज्यांनी सुधारणा घेतली ते बुडाले. जेन्किन्सच्या बाबतीत ज्यांनी घेतली नाही त्यांचे दार उघडे राहिले. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची सुधारणाच सदोष निघाली. त्यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता, तरी जगभर सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले आणि आपल्याकडे विमान कंपनीला प्रवाशांचे पास हाताने लिहून द्यावे लागले. म्हणून सुधारणा घ्यायचीच, पण कोरे बेणे सगळ्या शिवारात एकदम लावायचे नाही. आधी एका बाजूच्या संगणकावर टाकायची, दोन-तीन दिवस चालवून पाहायची, मग काट्यावर. गळिताच्या ऐन दिवसांत रात्री-बेरात्री तर नाहीच. मात्र दोष गंभीर आहे आणि चोर त्याचा वापर करीत आहेत अशी सूचना सर्ट-इन या केंद्र सरकारच्या यंत्रणेकडून आली, तर हंगाम असो वा नसो, थांबायचे नाही. हा निर्णय कोणी घ्यायचा हेही आता लिहून ठेवले आहे, कारण पूर्वी तो कोणाचाच नव्हता.

पुढच्या करारात दोन अटी घालाव्यात असे मी व्यवस्थापनाला सुचवले आहे. पहिली, पुरवठादाराने आपल्या सॉफ्टवेअरमधील घटकांची यादी द्यावी. खताच्या गोणीवर नत्र, स्फुरद, पालाश किती ते छापलेले असते, तशी. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग४जे नावाच्या एका फुकट तुकड्यात भयंकर दोष सापडला, तेव्हा मोठमोठ्या कंपन्यांचे कितीतरी दिवस 'तो आपल्याकडे आहे की नाही' हे शोधण्यातच गेले, कारण यादीच नव्हती. सर्ट-इनने ऑक्टोबर २०२४ मध्ये अशा याद्यांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत, त्यामुळे मागणी काही अचाट नाही. दुसरी अट, पुरवठादाराच्या घरी चोरी झाली तर ती आपल्याला तासांच्या हिशेबात कळली पाहिजे. सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशाप्रमाणे अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत त्यांना कळवावी लागते. सरकारला सहा तासांत कळवायचे, तर गिऱ्हाइकाला सहा आठवड्यांनी का? रिझर्व्ह बँकेनेही एप्रिल २०२३ मध्ये बँकांसाठी जे निर्देश काढले त्यांचे सार हेच आहे की संगणकाचे काम बाहेर दिले तरी त्याची जबाबदारी बाहेर जात नाही. आपण बँक नाही, पण ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे १४ दिवसांत उसाचे पैसे देण्याची जबाबदारी आपली आहे. संगणक पुरवठादाराचा बुडाला म्हणून ती घड्याळ थांबवत नाही.

फुकटात किंवा शे-दोनशे रुपयांत मिळणारी चोरीची सॉफ्टवेअर याविषयी जास्त लिहीत नाही. कुलूप तोडून दिलेल्या वस्तूत आणखी काय घालून दिले आहे, ते देणाऱ्यालाच ठाऊक. आपल्या दोन गट कार्यालयांत अशी सापडली, ती काढली.

हिशेबाच्या प्रती आता दोन ठिकाणी ठेवतो. एक रोजची, आणि एक अशी की जी घेऊन झाल्यावर तार काढून कपाटात ठेवली जाते. घानाची गोष्ट आठवा. पण नुसती प्रत ठेवून भागत नाही. त्या प्रतीवरून बिल परत तयार होते का, हे करून पाहावे लागते. ऑगस्टमध्ये आम्ही पहिल्यांदा करून पाहिले, तेव्हा जमले नाही. निम्म्या गटांच्या नोंदी निघाल्याच नाहीत. दोष सापडला, दुसऱ्या खेपेला सगळे निघाले. हे हंगामात खरोखरीच गरज पडल्यावर कळले असते तर काय झाले असते, याचा विचार नकोसा वाटतो.

सभासदांच्या सोसायट्यांबद्दलही दोन शब्द. केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये देशातल्या ६३ हजार प्राथमिक सोसायट्यांच्या संगणकीकरणाला २,५१६ कोटींची मंजुरी दिली. सर्वत्र एकाच नमुन्याचे सॉफ्टवेअर. हिशेब स्वच्छ होण्यासाठी हे फार चांगले. तरी साऱ्या शिवारात को ८६०३२ च लावला तर उत्पन्न चांगले येते, पण त्या वाणावर रोग आला की एकही प्लॉट सुटत नाही, हे आपणच जाणतो. सोसायटीच्या सभेत सचिवांना जरूर विचारा : बंद पडले तर आमच्या कर्जाचा उतारा कोठून द्याल?

मोबाइलवर 'अनुदानाचे ॲप' म्हणून ओळखीच्या नंबरावरून आले तरी ते बसवू नका. पाठवणाऱ्याचाच फोन चोराच्या ताब्यात असू शकतो. पैसे गेलेच तर लगेच १९३० या क्रमांकावर कळवा.

आणि आता सभासदांकडे एक मागणे. काट्याची पावती जपून ठेवा. ट्रॅक्टरवाल्याकडे राहू देऊ नका, खिशात चुरगळू नका. उद्या आपल्या संगणकातली नोंद पुसली गेली किंवा त्याहून वाईट म्हणजे कोणी गुपचूप बदलली, तर गाडी क्रमांक, वेळ आणि निव्वळ वजन सांगणारी, आमच्या यंत्रणेच्या बाहेर असलेली नोंद तुमच्याच घरी असते. बिल आल्यावर पावत्यांची बेरीज घालून पाहा. पाच-दहा किलोचाही फरक दिसला तर "एवढ्याशासाठी कशाला" म्हणू नका, गट कार्यालयात या. अर्ध्या सेकंदावरून काय सापडले ते वर सांगितले आहेच.

हंगाम सुरू होण्यापूर्वी एक दिवस काट्याचा संगणक मुद्दाम बंद ठेवून हाताने पावत्या करण्याचा सराव घेणार आहोत. जुन्या पावती-पुस्तकांचे दोन गठ्ठे छापून काटाघरात ठेवले आहेत. निवृत्त काटा क्लार्कांपैकी ज्यांना त्या दिवशी येऊन नव्या मुलांना हातची पद्धत दाखवता येईल, त्यांनी हिशेब खात्यात नाव द्यावे. चहा-नाश्त्याची सोय केली आहे.